आगेऱ्याच्या लोंब्या विकतच्या : मुंबईतली गावठाणं, वाड्या आणि शेतं जपायची कशी?

मरोळची पोर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहायला बसले.

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतले मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे आगेरा असतो. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेतात, फादर आशीर्वाद देतात आणि मग घरोघरी त्या क्रुसाजवळ किंवा दारावर बांधतात. माझी आजी त्यातल्या दोन लोंब्या तांदळाच्या पिंपात टाकायची, वर्षभर धान्य पुरावं म्हणून. यंदा लोंब्या आणायचं काम माझ्याकडे होतं. गेल्या काही वर्षांसारख्या त्या गोराईच्या एका शेतकऱ्याकडून आणल्या. बोरिवलीहून बोटीने खाडी ओलांडली, त्याच्या बांधावर उभी राहून पेंढ्या घेतल्या, पैसे दिले आणि परत आले. बोटीत पेंढी मांडीवर होती. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमच्या शेतातलं का?" मला उत्तर देता आलं नाही.

आमची शेतं होती. मिठी नदीच्या काठाकाठाने मरोळची भातशेती होती, बाबांनी लहानपणी तिथे राखण केलीय. ती औद्योगिक वसाहतीसाठी गेली. गावठाण तेवढं उरलं, कारण गावठाण म्हणजे घरांची जागा. शेत त्या रेषेच्या बाहेर. मुंबईतल्या बहुतेक जुन्या गावांचं असंच झालंय. शेत गेलं, खळं गेलं, तळं बुजलं आणि मधली घरं तेवढी उंच इमारतींच्या पायाशी राहिली.

आमच्या गावाची कथा तर अजून जुनी आहे. सेंट जॉन द बाप्टिस्ट हे आमचं मूळ चर्च १५७९ चं. १८४० मध्ये साथ आली, लोक उठले, चर्च मरोळला हललं. जुन्या चर्चच्या भिंती अजून उभ्या आहेत, पण त्या आज सीप्झच्या, म्हणजे अंधेरीतल्या निर्यात उद्योगांच्या वसाहतीच्या, कुंपणाआड. मे महिन्यात सणाच्या दिवशी तिथे मिस्सा होते, तेव्हा आत जाता येतं. मी गेल्या वर्षी आईला घेऊन गेले होते. छप्पर नाही, भिंतींतून वडाची मुळं उतरलीत, कमानीखाली उभं राहिलं की वर नुसतं आकाश. आई भिंतीला हात लावून बराच वेळ उभी होती.

आता मुद्दा. आमच्या गल्लीत आमचं एकच घर जुन्या रूपात उरलंय. पुढे ओटी, बाहेरून वर जाणारा लाकडी जिना, कौलं, पागोळीला कातीव झालर. लोक येऊन फोटो काढतात, "जपा हं" म्हणतात. आम्हाला जपायचंच आहे. पण नेमकं काय जपायचं? झालर जपली आणि मागची विहीर गेली, वाट गेली, लोंब्या खाडीपलीकडून आणाव्या लागल्या, तर ते गाव म्हणायचं का? माझं म्हणणं असं की आपण घराचा चेहरा जपायला बघतो आणि त्या घराला गाव बनवणाऱ्या गोष्टी हातातून सोडतो.

तुमच्याकडे काय आहे, काय गेलं, काय वाचवता आलं? आणि कसं वाचवलं ते जास्त लिहा. मला यंदा आमच्या घराचं काहीतरी ठरवायचंय.

फणसवाडीचा नातू

फार सुंदर आणि मनापासून लिहिलंय. बोटीतला प्रसंग वाचून गलबललं.

शेत गेल्याचं म्हणाल तर आमच्या गिरगावात ते इतक्या आधी गेलं की आम्हाला आठवणही नाही, पण नावं राहिली. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, मुगभाट, बोरभाट. आजोबा म्हणायचे, पत्ता नीट वाचलास तर बाजारहाट होईल. ही सगळी वाड्या-बागांची जमीन. भाट म्हणजे माडांची बाग, कोकणात हा शब्द अजून चालतो.

खोताची वाडी सगळ्यांना माहीत असते. दादोबा वामन खोत हे पाठारे प्रभू गृहस्थ, त्यांची ही जमीन. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांनी ईस्ट इंडियन कुटुंबांना तुकडे द्यायला सुरुवात केली आणि ती घरं उभी राहिली. एकेकाळी ६५ घरं होती म्हणतात, आता तिशीच्या आत आलीत. वाडी वारसा परिसर म्हणून नोंदलेली आहे, तरी घरं गेलीच. मी लहानपणापासून त्या गल्लीतून शाळेत जायचो. एखादं घर पडायच्या आधी काय होतं ते सांगतो. आधी ओटीवरची आरामखुर्ची आत जाते. मग दार दिवसभर बंद असतं. मग पावसाळ्यात कौलांवर निळं प्लास्टिक येतं. प्लास्टिक आल्यावर दोन-तीन पावसाळे.

म्हणून मला वाटतं घरात माणूस राहता ठेवणं ही पहिली गोष्ट. बाकी सगळं नंतर.

सुनीती_दादर

+१. "प्लास्टिक आल्यावर दोन-तीन पावसाळे" हे अगदी खरं आहे. आमच्या माहेरच्या घराचं असंच झालं.

बावखल

मी वसईचा, वाडवळ. नोकरीनिमित्त रोज चर्चगेटला येतो, पण घर वाडीतच आहे. ताई, तुमचा प्रश्न आम्ही गेली पस्तीस-चाळीस वर्षं जगतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझा आयडी बघून काहींना प्रश्न पडला असेल. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं खोदलेलं तळं. वसईच्या पश्चिम पट्ट्यात समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी आमच्या विहिरी गोड्या, त्याचं कारण हे बावखल. पावसाळ्यात आजूबाजूचं सगळं पाणी त्यात उतरतं, मुरतं, जमिनीखाली गोड्या पाण्याचा थर भरलेला राहतो आणि तोच खाऱ्या पाण्याला आत येऊ देत नाही. पूर्वी त्यावर किंवा विहिरीवर रहाट असायचा. पाट काढून केळीला, पानवेलीला, फुलझाडांना पाणी. रहाट जाऊन पंप आले, उपसा वाढला. पुढे वाडीतल्या विहिरींचं पाणी टँकरने विकायला लागले. खारेपणा चढला. १९८० च्या दशकाच्या शेवटी हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते. माझे वडील मोर्चाला गेले होते, मी त्यांच्या खांद्यावर. त्या चळवळीने सगळं वाचलं असं मी म्हणणार नाही, पण आज वसईत जी काही हिरवी पट्टी दिसते ती लोक तेव्हा रस्त्यावर उतरले म्हणून दिसते.

आता मुख्य मुद्दा. आमच्या आळीत दोन शेजाऱ्यांची गोष्ट बघा. एकाने जुनं घर पाडून बंगला बांधला, पण बावखल ठेवलं, दरवर्षी मे महिन्यात गाळ काढतो. दुसऱ्याने घर जसंच्या तसं ठेवलं, पितळी कड्या चकचकीत, पण बावखल भरून गाड्या लावायला जागा केली. पहिल्याच्या वाडीत आज केळी आहे, सोनचाफा आहे. दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी फेब्रुवारीत मचूळ होतं आणि माड वरून सुकायला लागलेत. आणि नुसते त्याचे नाहीत, त्याच्या खालच्या बाजूच्या दोन वाड्यांचेही. पाणी काही सातबारा बघून थांबत नाही.

सुकेळी माहीत असेल तुम्हाला. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवून, केळीच्याच सुक्या पानात गुंडाळलेली. आगाशीकडची नावाजलेली. माझी आत्या करायची. आठवडाभर रोज सकाळी कारवीच्या मांडवावर केळी पसरायची, संध्याकाळी दव पडायच्या आत उचलायची, एकेक उलटायची. बोटं चिकट झालेली असायची, आम्हा पोरांना मांडवाजवळ फिरकू द्यायची नाही. आता करणारी घरं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी. राजेळीची बाग कमी झाली, ऊन अडवणाऱ्या इमारती आल्या आणि आठवडाभर घरी थांबणारं माणूस नाही.

तेव्हा ताई, तुमचं म्हणणं पटलं. आमच्याकडे पाणी आधी. घर त्यानंतर.

आंबा_चिंच

@बावखल, अप्रतिम प्रतिसाद. यावर स्वतंत्र लेख येऊ द्या. पुढील लेखनाला शुभेच्छा.

पाली_गावठाण

मी वेगळी बाजू मांडतो, राग मानू नका.

वांद्र्याला गावठाणात आमचं घर आहे, पणजोबांनी बांधलेलं. आम्ही पाच भावंडं, दोन चुलत घरं, एकूण वारस किती हे मला विचार करून सांगावं लागेल. गेल्या पावसात मागच्या खोलीचा वासा वाळवीने पोखरून खाली आला. नशीब, कोणी झोपलेलं नव्हतं. दुरुस्तीची परवानगी काढायला एका कार्यालयात गेलो. घराच्या मिळकत पत्रिकेवर अजून पणजोबांचं नाव. "मालकाला घेऊन या" म्हणाले. पणजोबा १९३० च्या दशकात गेले. तीन महिने फेऱ्या मारल्या. शेवटी परवानगीशिवाय पत्रा टाकला, कारण आईला ओल्या खोलीत ठेवता येईना. महिन्याभरात नोटीस आली. त्याच आठवड्यात एका बिल्डरचा माणूस पेढे घेऊन आला. त्याला आमच्या वारसांची संख्या माझ्यापेक्षा चांगली माहीत होती.

गल्लीत बंब येत नाही. म्हातारी माणसं आजारी पडली की खुर्चीवर बसवून नाक्यापर्यंत उचलून न्यावी लागतात. सुतार मिळत नाही, मिळाला तर जुन्या सागाच्या मापाचं लाकूड परवडत नाही. रविवारी ग्रुप येतात, फोटो काढतात, कौतुक करतात, ते मनापासून असतं हे मला कळतं. पण सोमवारी आम्ही आणि ते छप्पर. माझ्या धाकट्या भावाला विकायचंय. तो वाईट माणूस नाही. त्याच्या दोन मुली आहेत आणि त्याला भिंतीवर बुरशी नसलेली खोली हवीय.

मला ते घर ठेवायचंय. आई त्या ओटीवर बसून अख्ख्या गावाशी बोलते, तिला एकविसाव्या मजल्यावर ठेवली तर ती बोलणार कोणाशी? पण कसं ठेवायचं ते कोणीतरी सांगा.

मरोळची पोर

@पाली_गावठाण दादा, राग कसला. तुम्ही लिहिलंत ते आमच्या घरातही बोललं जातं, फक्त जेवणं झाल्यावर, हळू आवाजात. माझ्या काकांचंही तुमच्या भावासारखंच म्हणणं आहे आणि मला त्यांना उत्तर देता येत नाही.

आमची पत्रिकाही आजोबांच्या वडिलांच्या नावावर आहे. इथे कोणी भूमापनातलं जाणकार आहे का?

साखळी_आणि_टेप

आहे. भूमापन खात्यात चौतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी उपनगरांत. जमेल तेवढं सोपं करून सांगतो.

सगळ्यात आधी शब्द. गावठाण हा महसुली शब्द आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, कलम १२२. गावाच्या वस्तीची हद्द जिल्हाधिकारी ठरवतात आणि त्या हद्दीतली जमीन म्हणजे गावठाण. शेताला सातबारा, गावठाणातल्या घराला मिळकत पत्रिका. उपनगरं १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांत महापालिकेत आली, म्हणजे गावं शहरात आली, पण त्यांचे कागद गावाचेच राहिले. वस्ती वाढत गेली ती हद्दीबाहेर. तिला लोक विस्तारित गावठाण म्हणतात. खरा घोळ तिथे आहे. माणसं शंभर वर्षं राहतायत, पण नकाशावर तिथे वस्तीच नाही. अशा वस्तीला आणि कोळीवाड्यांना कोणीतरी झोपडपट्टी म्हणून मोकळं होतं. झोपडपट्टीचा कायदा १९७१ चा. एकदा तो शिक्का बसला की घराचा इतिहास कोणी विचारत नाही. म्हणून सीमांकनाची मागणी इतकी कळीची आहे. कोळीवाड्यातले लोक त्यासाठी भांडतात ते उगीच नाही.

पाली_गावठाण, तुमच्यासाठी. वारस नोंद आधी करा. आजच. पणजोबांचा मृत्यू दाखला मिळत नसेल तर चर्चच्या दफन नोंदवहीचा उतारा काढा, त्या नोंदवह्या फार नीट ठेवलेल्या असतात. वंशावळ प्रतिज्ञापत्रावर लिहा, बहिणींची नावं गाळू नका. नाव गाळलेली एक बहीण किंवा तिची मुलं पुढे सगळं अडवू शकतात आणि त्यांचं ते बरोबरच असेल. ज्याला विकायचंय त्याचंही नाव लागू द्या. पेढे घेऊन येणाऱ्या माणसाची ताकद तुमच्या घरात नोंद नसण्यात आहे. नोंद झाली की निदान तुम्ही सगळे एका टेबलावर बसू शकता.

दुसरं, वारसा यादी. मुंबईत वारसा नियमावली १९९५ ला आली आणि श्रेणी १, २, ३ ठरल्या. लोक यादीला घाबरतात, आता खिळा ठोकायलाही परवानगी लागेल म्हणून. श्रेणी १ ला बंधनं कडक आहेत हे खरं. खालच्या श्रेणींत आत बदल करायला वाव असतो. आणि यादीमुळे जेवढं बांधकाम करता येत नाही, त्याच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे तेवढा बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायची किंवा विकायची मुभा, मागण्याची तरतूद आहे. तुमच्या बाबतीत किती मिळेल, मिळेल की नाही, हे वास्तुविशारदाला कागद दाखवून विचारा. मी आकडा सांगणार नाही.

तिसरी गोष्ट, मूळ धाग्याबद्दल. ताई, तुम्ही विहिरीचं लिहिलंत. जुन्या मोजणीच्या नकाशावर विहीर गोल काढून दाखवलेली असते, क्रूस दाखवलेला असतो, पायवाट तुटक रेषेने. मी स्वतः असे नकाशे काढलेत, शाईने. नंतरच्या प्रती निघताना हे बारकावे गळतात. घराची भिंत कोणी विसरत नाही, कारण तिला मालक आहे. विहिरीला, खळ्याला, वाटेला सगळं गाव मालक, म्हणून कोणीच जाऊन विचारत नाही. जुन्या नकाशाची प्रमाणित प्रत काढून ठेवा. पुढे कधी वाट अडवली गेली तर तेवढा एकच कागद कामाला येतो.

पाली_गावठाण

काका, शतशः आभार. दफन नोंदवहीचं कोणीच सांगितलं नव्हतं. उद्या चर्चच्या कचेरीत जातो.

करवंद

धागा वाचताना सारखं वाटत होतं की आरेचं कोणीतरी लिहील. मीच लिहिते. मी तिथल्या एका पाड्यावर काही वर्षं मुलांना शिकवते.

आरे दूध वसाहत १९४९ ची. पाडे त्याच्या कितीतरी आधीचे. आजही २७ पाडे आहेत, वारली, मल्हार कोळी, कोकणा. पावसाळ्यात भात, काकडी, दोडकी, शिराळी. सकाळी बायका टोपल्या घेऊन गोरेगाव स्टेशनबाहेर बसतात, त्यातल्या कित्येक भाज्या मुंबईतच पिकलेल्या असतात हे घेणाऱ्याला माहीत नसतं.

तुम्ही सगळे लाकूड, कौल, दगड यांबद्दल बोलताय. पाड्यावरचं घर कुडाचं. कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधायच्या, त्यावर माती, भाताचा कोंडा आणि शेण कालवून लिंपायचं. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आजीला मी लिंपताना पाहिलंय. हाताचा पंजा अर्धगोल फिरवत ती खालून वर जात होती, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याला जरा चाटून जायचा. भिंत वाळली की त्या फेऱ्यांच्या कमानी तिरप्या उन्हात दिसतात. मी विचारलं, ही भिंत किती वर्षांची? ती म्हणाली, "दरसालची." मी घर किती जुनं ते विचारत होते, तिने शेवटचा हात कधी फिरला ते सांगितलं.

हे घर कुठल्या यादीत बसवणार? त्याचं लाकूड शंभर वर्षांचं नाही, माती गेल्या दिवाळीची आहे. पण ते बांधायची रीत तिच्या पणजीची आहे. कारवी जंगलातून आणता येते तोवर, लिंपणारे हात आहेत तोवर आणि बाजूला भाताचं शेत आहे, कोंडा आहे, गुरं आहेत तोवर ते घर टिकतं. यातलं एक निघालं की पत्र्याची खोली येते. २०२० मध्ये आरेतली सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली तेव्हा आम्हाला आनंद झाला. पण तेव्हाही पाड्यावरच्या एका काकांनी विचारलं ते मला विसरता येत नाही. "वन राखलं, चांगलं झालं. आमची शेतं त्यात कुठे लिहिलीत?"

माझगावचा_डोंगर

@करवंद, ताई, शेवटचा प्रश्न काळजाला लागला.

मी माझगावचा. आमची माथारपाखाडी, माझगावातली जुनी ईस्ट इंडियन वस्ती, अजून बऱ्यापैकी उभी आहे. काका बॅप्टिस्टा इथले, जोसेफ बॅप्टिस्टा, टिळकांचे सहकारी आणि पुढे १९२५ मध्ये मुंबईचे महापौर. त्यांचं घराणं मूळचं उत्तनचं, म्हणजे ताईंनी लोंब्या आणल्या त्याच बेटावरचं. बघा, धागा कसा फिरून तिथेच आला.

माथारपाखाडी टिकली याचं एक कारण मला असं वाटतं की तिथल्या लोकांनी क्रूस जिवंत ठेवला. मुंबईत १८९६ च्या प्लेगच्या वेळी गावोगाव क्रूस उभे राहिले, लोक रात्री त्यापुढे प्रार्थनेला जमायचे. आमच्याकडे मे महिन्यात अजून जमतात. रोज संध्याकाळी पन्नास माणसं जिथे खुर्च्या टाकून बसतात, तिथे गाडी लावायला कोणी धजत नाही.

चुन्याची_घाणी

व्यवसायाने स्थापत्य अभियंता, जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीचं काम करतो. धागाकर्तीने "घराचं काहीतरी ठरवायचंय" लिहिलंय म्हणून घाईघाईने एक विनंती करतो. सिमेंट लावू नका.

जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. ती ओल घेते आणि उन्हात सोडून देते. वरून सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते. पहिली दोन वर्षं भिंत छान दिसते, म्हणून लोक खूश. तोवर आतले लाकडी खांब सडायला लागलेले असतात. मी असा एक खांब उघडलाय. बाहेरून रंग ताजा, आत स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत शिरला, शिळ्या केकसारखा. पाली_गावठाण यांचा वासा पडला त्यामागे वाळवी असेल, पण वाळवीला ओल कोणी आणून दिली ते शोधा. शक्यतो आधीच्या दुरुस्तीत सापडेल.

चुना आजही करता येतो. कळीचा चुना निदान काही आठवडे भिजू द्या, रेती घालून घाणीत मळा, पाण्यात गूळ, हिरडा, बेलफळ. वेळखाऊ आहे, पण जादूटोणा नाही. कौलांचं म्हणाल तर सगळी बदलू नका. उतरवा, धुवा, ठोकून आवाज ऐका. खणखणीत वाजलं ते ठेवा, बद्द वाजलं ते काढा. निम्म्याहून जास्त परत चढतात. मंगलोरी कौलांचे जुने साचे वेगवेगळे, नव्याची खाच जुन्यात नीट बसत नाही, तेव्हा पडलेल्या घरांची कौलं मिळाली तर घेऊन ठेवा. आणि पावसाआधी पन्हळीतला पाचोळा काढा. जुनी घरं पडण्याचं सगळ्यात मोठं कारण मी तरी पन्हळीत साचलेला पाचोळा हेच पाहिलंय.

फणसवाडीचा नातू

अभियंता साहेब, दोन-तीन गावठाणांनी मिळून एक सुतार आणि एक गवंडी वर्षभर कामाला ठेवला तर? एकट्या घराला परवडत नाही, पण दहा घरांना परवडेल. आमच्या चाळीत प्लंबर असाच ठेवलाय.

चुन्याची_घाणी

नक्की जमेल. दहा घरं असतील तर मी स्वतः महिन्यातून एक शनिवार देईन, पैसे नकोत. शिकाऊ पोरं मात्र गावातलीच घ्या.

बावखल

आमच्याकडचा एक म्हातारा सुतार आहे, रहाट बनवायचा पूर्वी. शिकवायला तयार आहे. धागाकर्तीला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

मरोळची पोर

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा आठवड्यांनी परत येतेय, मधल्या काळात बरंच घडलं.

साखळी_आणि_टेप काकांनी सांगितलं तसं जुन्या नकाशाची प्रत काढली. मी, आई आणि काका तिघे गेलो. विकायचं म्हणणारे काका मुद्दाम आले. नकाशा टेबलावर पसरला आणि आमच्या घरामागे शाईने काढलेला एक बारीक गोल दिसला. काका वाकून बघत राहिले. म्हणाले, "इथेच तर."

आमची विहीर. मी ती कधी पाहिलेलीच नाही. माझ्या जन्माआधी डास होतात म्हणून त्यावर काँक्रीटची लादी टाकली होती, आणि आम्ही लहानपणापासून त्या लादीवर लगोरी खेळलोय. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्यात उंबराचं पाणी आणतात. घुमट वाजवत, नाचत विहिरीवर जायचं, पाणी काढायचं, त्या पाण्याने नवरा-नवरीची आंघोळ. माझ्या लग्नात ते पाणी निळ्या प्लास्टिकच्या पिंपातून काढलं होतं, पिंपाला हार घालून. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आजी मात्र त्या दिवशी पिंपाजवळ आलीच नाही, लादीच्या कडेला उभी होती. ती तिथे का उभी होती, ते मला त्या टेबलाजवळ कळलं.

काकांनी घर विकायचं नाही असं म्हटलेलं नाही, उगीच खोटं लिहीत नाही. पण वारस नोंदीच्या अर्जावर सगळ्यात आधी सही त्यांनी केली. सातही वारसांच्या सह्या झाल्या, आत्याच्या मुलांच्या धरून. छपराचं काम चुन्याची_घाणी यांनी येऊन बघितलं. कौलं उतरवून, वाजवून झाली, साठेक बद्द निघाली. गिलाव्याचं पावसाळ्यानंतर.

आणि लादी उचलायची ठरलीय. काकांनीच गवंडी ठरवला. येत्या रविवारी सकाळी आठला. खाली पाणी असेल की नुसता गाळ, माहीत नाही. बावखल दादा गाळ काढणारी माणसं घेऊन पहिल्या लोकलने येतायत, त्यांनी विषारी वायूची काळजी घ्यायला सांगितलंय, आधी कोणी आत उतरायचं नाही, पेटतं काही आत सोडायचं नाही, दिवसभर हवा खेळू द्यायची आणि वायू तपासल्याशिवाय तर उतरायचंच नाही. साखळी_आणि_टेप काका, तुम्ही मोजायला याल का? नकाशावरचा गोल आणि खरा काठ जुळतोय का ते बघायचंय.

आणखी कोणाला यायचं असेल तर व्यनि करा, पत्ता कळवते. जेवायला फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) आणि बाटली मसाल्यातलं मटण आहे, आई शनिवारपासून पीठ आंबवणार आहे, तेव्हा किती जण ते शुक्रवारपर्यंत सांगा.

साखळी_आणि_टेप

येतो. टेप माझ्याकडे आहे, साखळीही आहे. मटण खात नाही, फुगे चालतील.